दोन्ही हात भरलेला माणूस

"अठ्ठावीस!" चष्मा म्हणाला आणि त्यानं वहीत रेघ ओढली.

"एकोणतीस," फौजदारनं दुरुस्ती केली. "आत्ता फोनवर हसत गेली ती बाई धरलीस का?"

"तिनं वर पाहिलं होतं!"

"पंख्याकडे. आपल्याकडे नाही."

"मला बाहेर काढा!" लाल बादलीतून आवाज आला. "आत फिनेलचा वास येतोय!"

बादली तुणतुण्याच्या डोक्यावर उपडी होती. अर्धा तास तो इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळच्या कट्ट्यावर तसाच बसला होता, आणि एकोणतीस मोठी माणसं त्याच्यासमोरून गेली होती. पोराच्या डोक्यावर बादली का, असं एकानंही विचारलं नव्हतं! एका गृहस्थांनी तर बादलीवर हात टेकून बुटाची नाडी बांधली आणि ते निघून गेले.

सुट्टी लागल्यापासून तिघांचा हाच उद्योग चालला होता. नाव खांबमोजणी. जो माणूस समोरचं काही न पाहता जातो, तो खांब. फौजदार बारा वर्षांची. येणाऱ्याजाणाऱ्याला 'कुठून आलात, कोणाकडे जाताय' असं विचारायची म्हणून तिला हे नाव पडलं. तुणतुणं तिचा धाकटा भाऊ. एकच रड दिवसभर एकाच सुरात लावायचा. आणि तळमजल्यावर राहणारा चष्मा हिशेबाला पक्का, पण पळायच्या नावानं शून्य.

खेळ शिकवला होता फौजदारच्या आत्यानं. आत्या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि जुने कॅमेरे दुरुस्त करायची. "खोलीत शिरलं की आधी दारं बघायची, मग माणसं, मग आपली खुर्ची," ती म्हणायची. "आणि काही खटकलं तर का खटकलं याचा विचार तिथं उभं राहून करायचा नाही. आधी बाजूला व्हायचं, मग विचार." हे सगळं ती कानातलं यंत्र काढून ठेवत मोठ्या आवाजात सांगायची, त्यामुळे शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. त्यातल्या कोणी ते घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दारावर वॉचमनकाका होते. त्यांच्यापुढे जाडजूड नोंदवही असायची. येणाऱ्यानं नाव, वेळ, कोणाकडे, सगळं लिहायचं. चष्म्याच्या सख्ख्या मामालाही त्यांनी तीनदा लिहायला लावलं होतं, कारण पहिल्या दोनदा अक्षर लागलं नव्हतं. पण ज्याच्या हातात सामान असेल त्याला मात्र सगळं माफ! त्याच्यासाठी काका स्वतः उठून दार उघडून धरायचे.

"माणसाचे दोन्ही हात भरलेले असताना त्याला पेन धरायला लावू? मला काळीज आहे!" असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे.

तेवढ्यात तो आला. करडा शर्ट, टोपी, हातात भलामोठा खोका.

"या, या!" काका धावले. दार उघडलं. माणूस आत गेला.

"ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा," चष्मा पुटपुटला. "आणि खोका तोच. कोपऱ्यावर तोच डाग आहे."

फौजदार डोळे बारीक करून पाहत होती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : पाण्याचा पंप, वजन २८ किलो, दोघांनी उचलावा. आणि तो माणूस एका हातावर खोका तोलून दुसऱ्या हातानं कान खाजवत होता!

"अठ्ठावीस किलो, आणि कान खाजवतोय?" ती म्हणाली.

"पहिलवान असेल," बादली म्हणाली.

"सामान पोचवणारे कधी रेंगाळतात का रे? त्यांना पुढचं घर गाठायचं असतं. हा बघ, दारावरच्या पाट्या वाचतोय."

माणूस जिना चढून गेला. पाच मिनिटांनी उतरला. खोका हातातच. काकांनी पुन्हा दार धरलं आणि वर विचारलं, "नाही का घेतला? अरेरे! इतकं ओझं परत न्यायचं म्हणजे!"

फौजदारनं काकांना सगळं सांगितलं. काकांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला.

"बेटा, मी सोळा वर्षं माणसं ओळखतोय."

"मग याचं नाव काय?"

"ते... वहीत नसेल. हात भरलेले होते ना त्याचे."

म्हणजे इथे डोकं आपटून उपयोग नव्हता. तिघं सेक्रेटरीसाहेबांकडे गेली. साहेब फाटकाच्या बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसेल अशी, एक नोटीस डकवत होते. गळ्यात शिटी होती. सुरक्षेसाठी आणलेल्या त्या शिटीतून अजून हवासुद्धा गेली नव्हती.

नोटीस अशी होती : 'रविवारी सायंकाळी ५ ते ६ तळमजल्याच्या हॉलमध्ये "सावध राहा" हे व्याख्यान प्रात्यक्षिकासह होईल. सर्व रहिवाशांनी, वॉचमनसह, हजर राहणे सक्तीचे आहे. सवलत फक्त फ्लॅट ३०२ यांना (एकट्या राहतात, गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे).'

३०२ म्हणजे आत्या.

फौजदारनं नोटीस दोनदा वाचली. "काका, ही नोटीस आहे की आमंत्रण?"

"म्हणजे?"

"म्हणजे इमारत कधी रिकामी असणार आणि एकटं, चालता न येणारं माणूस कुठल्या दाराआड आहे, हे सगळं तुम्ही रस्त्याला कळवताय!"

"बावीस वर्षं नोटिशी लिहितोय मी! मला शिकवू नकोस. जा, खेळा."

मुलांनी नोटीस गुपचूप दोनदा काढली. साहेबांनी ती दोनदा परत लावली, दुसऱ्यांदा टाचण्या वाढवून. त्या बुद्धीला तेवढंच सुचलं.

रविवारी पाच वाजता हॉल गच्च भरला. दारात एक टोपली होती. कोणाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून सगळ्यांचे फोन त्यात जमा! फौजदारनं आत शिरताच दोन्ही दारं पाहिली, मग माणसं पाहिली आणि खिडकीजवळची खुर्ची धरली. तिथून गाड्यांची जागा, फाटक आणि जिना, तिन्ही दिसत होती. पहिल्या रांगेत वॉचमनकाका नवा सदरा घालून बसले होते.

"आई, आत्याचं दार?" तिनं विचारलं.

"ओढून घेतलंय मी. वन्सं झोपल्यात. व्यायामानं गुडघा ठणकत होता त्यांचा."

"नुसतं ओढून? ते ढकललं की उघडतं! आतून कडी लावायला लागते!"

"मग काय त्यांना उठवू कडी लावायला? तासाभराचा तर प्रश्न आहे. गप्प बस."

फौजदारनं जिन्याकडे नजर लावली. आत्या झोपली म्हणजे कानातलं यंत्र उशाशी. शेजारी ढोल वाजला तरी तिला ऐकू जायचं नाही.

मंचावर प्रशिक्षकसर आपले दंड फुगवून उभे होते. "हल्लेखोर समोरून आला की त्याचं मनगट असं धरा आणि असं पिरगाळा!" त्यांनी सेक्रेटरीसाहेबांचं मनगट पिरगाळलं. साहेब 'आई गं' म्हणाले. टाळ्या पडल्या.

"आणि तो मागून आला तर?" चष्म्यानं विचारलं.

"ते पुढच्या रविवारी."

तेवढ्यात फाटक ढकललं गेलं. करडा शर्ट, टोपी, खोका! माणसानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सेक्रेटरीसाहेबांच्या चकचकीत गाडीच्या बॉनेटवर खोका ठेवला आणि वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून हसला. मग खोका उचलून तो जिन्याकडे गेला.

फौजदार उभी राहिली. "सर! एक अनोळखी माणूस आत गेलाय! वर गेलाय!"

"प्रश्न शेवटी!" साहेब म्हणाले.

"प्रश्न नाहीये हा! वर आत्या एकटी आहे!"

"शू! व्याख्यान चाललंय," मागून कोणीतरी म्हणालं. आईनं हात धरून तिला खाली बसवलं. एकशेवीस डोळे मंचाकडे लागले होते. खिडकीकडे एकही वळला नाही.

"ताई, मी वर जातो," तुणतुणं उठलंच. या वेळी त्याच्या आवाजात रड नव्हती.

फौजदारनं त्याची कॉलर धरली. तिलाही पळायचं होतं, चार पायऱ्या एकदम चढत. पण वर जाऊन करणार काय? तो माणूस मोठा, ही लहान, आणि जिना एकच.

"एकट्यानं नाही. माणसं घेऊन जायचं."

"कुठली माणसं? हे खांब?" चष्मा म्हणाला. मग त्यानं डोळे मिचकावले. "थांब. हे कशानं हलतात ते मला माहितीये. तू खरंच सांग, फक्त दुसरा तुकडा सांग."

फौजदारला कळलं. ती खुर्चीवर चढली आणि छाती भरून ओरडली, "सेक्रेटरीकाका! तुमच्या गाडीच्या बॉनेटवर कोणीतरी खोका ठेवला! भलामोठा खोका! घासला!"

एका क्षणात हॉल रिकामा! साहेब सगळ्यांच्या पुढे, त्यांच्या मागे ज्यांच्या ज्यांच्या गाड्या होत्या ते सगळे आणि त्यांच्या मागे नुसतंच बघायला जाणारे. ज्या माणसांना शेजारणीसाठी मान वळवता येत नव्हती, ती बॉनेटसाठी खुर्च्या पाडत पळाली!

चष्मा मात्र टोपलीकडे गेला. कुलूप लावलेल्या फोनवरूनही पोलिसांना फोन लागतो, हे त्या गर्दीत बहुधा त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्यानं पत्ता, मजला, शर्टाचा रंग, सगळं न अडखळता सांगितलं.

बाहेर साहेब रुमालानं बॉनेट पुसत होते. "ओरखडा! हा बघा ओरखडा! कोण आहे तो?"

"तो तिसऱ्या मजल्यावर गेलाय," फौजदार म्हणाली. "आई, चल ना! सगळे चला!"

पण त्याआधीच जिन्यावर पावलं वाजली. माणूस उतरत होता. खोका आता दोन्ही हातांत होता, हनुवटीखाली दाबलेला, आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पंप न येताच खोक्याला वजन आलं होतं!

आणि वॉचमनकाका? सवयीनं धावले आणि त्यांनी दार उघडून धरलं! "या, या, सांभाळून—"

"काका, दार लावा!" फौजदार गर्दीच्या मागून, आईचा हात घट्ट धरून ओरडली. "खोक्यात आत्याचे कॅमेरे आहेत!"

काका गोंधळले. दार अर्धं उघडं, अर्धं बंद. माणूस निसटलाच असता. पण साहेब पुढे आले. चोरीबिरी त्यांच्या डोक्यात अजून शिरलीच नव्हती. त्यांच्या डोक्यात बॉनेट होतं.

"माझ्या गाडीवर खोका ठेवायला लाज नाही वाटत? नवीन रंग आहे! थांबा! सांगितल्याशिवाय जायचं नाही!"

"चुकलं साहेब, जाऊ द्या..."

"जाऊ द्या? वाकून बघा आधी!"

मग प्रशिक्षकसरांना चेव आला. त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीनं माणसाचं मनगट पकडलं. माणसानं खोका सोडला आणि तो सरांच्या पायाच्या बोटांवर उतरला. सर एका पायावर नाचू लागले. खोक्याचं झाकण उघडलं, आत कॅमेरेच कॅमेरे, प्रत्येकाला आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी बांधलेली. आता साठ माणसांना एकदम दिसायला लागलं! सगळ्यांनी त्याला घेरलं. तो पायरीवर बसून राहिला. पोलीस आले, तेव्हाही साहेब त्याला रंगाची किंमत सांगत होते.

फौजदार थांबली नाही. आई पुढे, शेजारचे काका मागे, मधे ती, असे सगळे वर गेले. ३०२चं दार सताड उघडं होतं. आई आत गेली. पलंगाजवळून तिचा आवाज आला, "ये गं. झोपल्यात."

आत्या खरंच झोपली होती, तोंड थोडं उघडं, गुडघ्याखाली उशी. कामाचं टेबल मोकळं झालं होतं. पलंगापासून ते तीन पावलांवर होतं. फौजदारनं ते अंतर मोजलं. ती पलंगाच्या पायाला धरून खाली बसली.

आत्यानं डोळे उघडले, चाचपडत कानात यंत्र बसवलं. "काय गं, अशी का बसलीस? भाषण संपलं?"

आईनं सगळं सांगितलं. दार ओढून घेतल्याचं सांगताना तिचा आवाज खाली गेला. आत्यानं मोकळ्या टेबलाकडे पाहिलं.

"तू वर का नाही आलीस?" तिनं विचारलं.

"यायचं होतं गं!" फौजदारला एकदम रडू फुटलं. "तू एकटी होतीस! मी तिथं उभी राहून बॉनेट, बॉनेट ओरडत बसले!"

"आली असतीस, तर त्याच्या हातात सापडली असतीस. आणि मी इथं तीन पावलांवर घोरत पडले असते. तुझी हाकसुद्धा मला ऐकू आली नसती." आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पळत येणारे खूप असतात गं. तू थांबलीस. शहाणी माझी."

खालून शिटी वाजली. पहिल्यांदाच! मागोमाग साहेबांचा आवाज आला, "कुठंय ती मुलगी? आमच्या इमारतीचा अभिमान! सरांबरोबर फोटो काढायचाय, मनगट धरून!"

"जातेस?" आईनं विचारलं.

फौजदारनं नाक पुसलं आणि मानेनंच नाही म्हटलं. आत्या पलंगाच्या कडेला सरकली, तिच्यासाठी जागा केली आणि खिडकीकडे तोंड करून, सगळ्या मजल्यांना जाईल अशा आवाजात ओरडली, "फौजदार कामावर आहेत! वाट बघा!"