अर्थिंगची सळई

माझा धंदा साउंडचा. माईक, भोंगे, जनरेटर भाड्याने द्यायचे, नेऊन लावायचे आणि कार्यक्रम संपला की गुंडाळून आणायचे. या धंद्यात भुताखेतांची भीती परवडत नाही. वायरी गुरगुरतात, रिकामा माईक शीळ घालतो, बंद भोंग्यातून कुठलं तरी रेडिओ स्टेशन बोलायला लागतं. सगळ्याला कारण असतं, आणि ते शोधायचेच पैसे आम्हाला मिळतात.

काम साधं होतं. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव, तिथे सभा. खरं तर दोन सभा, एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच मैदानावर. आदल्या वर्षी तिथे दरड कोसळून माणसं गेली होती, त्याचा पहिला स्मृतिदिन. आधी नानांचा फोन आला, मग वकीलसाहेबांचा. दोघेही त्या गावचे पुढारी आणि दोघांमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य. दोघांनी शेवटी एकच विचारलं, "तुमचे भोंगे त्यांच्यापेक्षा मोठे आहेत ना?"

त्यांचे भोंगेही माझेच आहेत, हे मी काही बोललो नाही.

मेव्हण्याला घेऊन टेम्पोतून निघालो. तो बडबड्या, रस्ताभर तोंडाला कुलूप नाही. म्हणाला, "दाजी, एवढं मोठं गाव. त्यांच्याकडे स्वतःचा साउंडवाला नाही? आपल्याला एवढ्या लांबून कशाला बोलावलं?"

"आपलं नाव झालंय."

"नाव झालं असतं तर माझ्या बहिणीने ऐकलं नसतं का?"

दुपार कलताना पोचलो. मैदान ऐसपैस होतं, पण बघायला विचित्र. तांबड्या मातीचं, सपाट, गवताची काडी नाही. कडेला शाळा होती, तिच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या. मला वाटलं शाळाच खोलगट जागी बांधली असेल. मैदानाच्या वरच्या टोकाला नानांचा मंच, खालच्या टोकाला वकिलांचा, एकमेकांकडे तोंड करून. मी मधोमध टेबल मांडलं, म्हणजे दोन्हीकडच्या वायरी पुरतील. ऊन असूनही पायाखालून गारवा येत होता. मधूनच आंबलेल्या दुधाचा वास यायचा. मेव्हणा चप्पल उलटी करून बघायचा आणि म्हणायचा, "माझा नाही हा."

जनरेटर असला की अर्थिंग लागतं. कमरेएवढी लोखंडी सळई जमिनीत ठोकायची आणि तिला वायर जोडायची, म्हणजे माईक धरणाऱ्याला झटका बसत नाही. मी टेबलामागे जागा धरली आणि हातोडा घातला. सळई लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मग एकदम, खाली काही नसल्यासारखी, सरकन घसरली आणि कशावर तरी टणकन आपटून थांबली. मी पक्की बसवायला वरून आणखी थोडं ठोकलं.

वायर बांधायला सळई मुठीत धरली आणि हात तिथेच राहिला.

सळईतून ठोके येत होते. खालून कोणी सावकाश, दमादमाने ठोकावं तसे. मी मान वळवून जनरेटरकडे पाहिलं. तो अजून टेम्पोतच होता.

"तुम्ही ठोकलंत?"

मागे एक बाई उभी होती. पन्नाशीची, अंगाने बारीक, गळ्यात शिंप्याची टेप लटकलेली. हातातलं काम टाकून धावत आल्यासारखी.

"हो ताई. अर्थिंग आहे. का, इथे पाइपलाइन आहे का खाली?"

ती खाली बसली आणि तिने सळईला हात लावला. मग म्हणाली, "वर्षभर कोणी ठोकलं नव्हतं, भाऊ."

मी तिला खुर्ची दिली. मेव्हण्याने थर्मासमधला चहा पुढे केला. तेव्हा कळलं, ती इथल्या एसटीच्या कंडक्टरची बायको. त्या दिवशी आपल्याच मंचावर तिने बसावं म्हणून नानांनीही निरोप धाडला होता आणि वकिलांनीही. ती कोणाकडेच जाणार नव्हती.

"हे मैदान कधीपासून आहे?" मी सहज विचारलं.

"हे मैदान नाही," ती म्हणाली. "ही गल्ली आहे."

मेव्हण्याने उचललेला पाय तसाच धरला.

मग ती हळू आवाजात सांगत गेली. पहाटे डोंगर खाली आला आणि शाळेमागची सबंध गल्ली गडप झाली. सुरुवातीचे दिवस सगळं गाव इथे होतं. नाना आणि वकील एकाच रांगेत उभे राहून मातीची घमेली एकमेकांच्या हातात देत होते. घरोघरच्या बायका भाकऱ्या थापून आणत होत्या, कोणाची भाकरी कोण खातंय हे बघायला कोणाला सवड नव्हती. आणि तिचा नवरा ढिगाऱ्यावर उभा राहून गळ्यातली शिट्टी वाजवायचा. एक लांब शिट्टी वाजली की सगळ्यांनी गप्प व्हायचं. इंजिनं बंद, फावडी खाली, श्वाससुद्धा बेताने. खालून ठोके आले तर वरून दगडाने उत्तर द्यायचं, म्हणजे खालच्यांना धीर येतो. मग दोन आखूड शिट्ट्या, की पुन्हा कामाला लागायचं. अशी कितीतरी माणसं जिवंत काढली त्यांनी.

"मग?"

"मग मोठी माणसं आली गाड्यांतून. खणायचं मशीन आलं, तंबू आले, फलक आले. मशीन कोणाच्या हाताखाली चालायचं त्यावरून जुंपली. नाना म्हणाले, आता खणणं धोक्याचं आहे, जागा सपाट करा, स्मारक करा. वकील म्हणाले, शेवटचं माणूस निघेपर्यंत खणणार, पण आमची माणसं खणणार. दोन तट पडले. दोन्हीकडे भोंगे लागले. दिवसभर भाषणं." तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. "आमच्या ह्यांना गल्लीतल्या दूध डेअरीच्या तळघराजवळ ठोके ऐकू आले. त्यांनी शिट्टी वाजवली. त्या दिवशी पहिल्यांदा... कोणी गप्प झालं नाही. ऐकूच गेली नाही कोणाला. मग ते एकटेच आत शिरले. वरून माती बसली."

"आणि गावचा साउंडवाला?"

"त्याने भोंगे विकले. भाजी विकतो आता."

मी तिला म्हणालो, जमीन बसते, दगड हलतात, सळईला कंप येतो. मी स्वतःलाच समजावत होतो आणि तिला ते कळत होतं. तिने चहा संपवला आणि खुर्ची माझ्या टेबलाशेजारी ओढून बसली.

सूर्य डोंगराआड गेला तशी माणसं जमली. वरचे वर, खालचे खाली. मधला पट्टा मोकळा. सख्खे भाऊ दोन मंचांसमोर वेगळे बसलेले मी पाहिले. जनरेटर सुरू केला, दिवे लागले आणि दोन्हीकडे एकदमच भाषणं सुरू झाली. नाना सांगत होते दरडीला वकील जबाबदार, वकील सांगत होते नाना. मध्ये बसलेल्या मला दोन्ही कानांनी एकच भाषण ऐकू येत होतं. दोन्हीकडून माणसं धावत येऊन मला सांगत होती, "वाढवा, आवाज वाढवा."

मी टेबलावरच्या मिक्सरची बटणं वर सरकवली. तेवढ्यात शेवटच्या चॅनेलचा काटा उडाला.

त्या चॅनेलला माईक नव्हता. वायरच नव्हती. मी हेडफोन कानाला लावला. ठक... ठक... ठक. आणि ठोक्यांच्या मधल्या पोकळीत श्वास. एकाचा नाही. पुष्कळ माणसं अंधारात चिकटून बसली आहेत आणि आवाज न करण्याची खबरदारी घेत आहेत, असे श्वास.

मी हेडफोन काढून मेव्हण्याला दिला. त्याने ऐकलं. लगेच कानावरून ओढून टेबलावर पालथा टाकला.

"दाजी... बंद करा हे."

मी मुख्य बटण खाली ओढलं. भोंगे बंद व्हायला हवे होते. त्याऐवजी दोन्हीकडच्या सगळ्या भोंग्यांतून एकदम एक लांब शिट्टी आली.

तुम्हाला वाटेल लोक ओरडले, पळाले. तसं नाही झालं. जो जिथे होता तिथे थिजला. उठणारा अर्धवट वाकलेला राहिला, टाळी वाजवणाऱ्याचे हात हवेत राहिले. कोणी तरी सवयीने जाऊन जनरेटर बंद केला. दिवे गेले. आणि त्या काळोखात शेकडो माणसांनी माना खाली घालून कान जमिनीकडे केले, जणू रोजचंच होतं. अंगावर काटा आला तो शिट्टीने नाही, त्या शांततेने.

आता हेडफोनची गरज नव्हती. ठोके सगळ्यांना ऐकू येत होते. पायांच्या तळव्यांना लागत होते.

कोणी हललं नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. कोणाला तरी हुंदका आला, त्याने तो गिळला. नानांचा दमेकरी श्वास मला एवढ्या लांबून ऐकू येत होता. मग माझ्या शेजारची खुर्ची करकरली. कंडक्टरची बायको उठली, तिने माझा हातोडा घेतला आणि चाचपडत सळईपर्यंत गेली.

"ताई, नको," मी कुजबुजलो.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" ती काही मोठ्याने बोलली नाही, पण मैदानभर ऐकू गेलं. "मग उत्तर द्यायला नको?"

आणि तिने सळईवर ठोकलं.

खालचे ठोके थांबले. मग जमिनीतून, आमच्या पायांखालून, मातीने भरलेल्या तोंडाने वाजवाव्यात तशा दोन आखूड शिट्ट्या आल्या.

त्यासरशी सगळं गाव हललं. वरचे खाली धावले, खालचे वर आले. शाळेतून फावडी आली, गाड्यांचे दिवे सळईकडे वळले. पहिलं फावडं नानांनी घातलं की वकिलांनी, हे नंतर कोणी सांगू शकलं नाही. रांग लागली. माती घमेल्यात भरून हातोहात मागे जाऊ लागली. कोणी बोलत नव्हतं. मीही रांगेत होतो. मेव्हणा खड्ड्याच्या तोंडाशी, त्याच्यामागे नाना, नानांच्या मागे वकील, मग मी. माझे दात वाजत होते, पण रांगेतून बाहेर पडायची हिंमत नव्हती. बाहेर पडलो तर काळोखात एकटा उभा राहिलो असतो.

तळघराचं दार हाताला लागलं. ते उघडलं तेव्हा आंबलेल्या दुधाची वाफ अंगावर आली. गावातले चारपाच जण आत उतरले, त्यांच्या पुढे ती.

तिचा नवरा सापडला. दाराला पाठ लावून बसलेला, आणि त्याच्यासमोर तळघरात अडकलेले बाकीचे, सगळे एकमेकांना धरून. ठोके कोणी दिले असतील, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर कोणी विचारलं नाही. वर्ष झालं होतं. एकेकाला चादरीत घेऊन वर आणलं. कोण कोणाकडचा हेही कोणी विचारलं नाही, ज्याचे हात मोकळे त्याने खांदा दिला. ती सर्वात शेवटी वर आली. तिच्या चेहऱ्यावर रडणं नव्हतं. ती सारखी मागे वळून पाहत होती.

"खाली राहिलं का कोणी?" वकिलांनी विचारलं.

नानांनी बॅटरी खाली मारली. चार भिंती, फुटकी दुधाची किटली, तळाशी भेगाळलेली फरशी. कोणी नव्हतं. शिडी वर ओढून घेतली.

माणसं पांगायला लागली होती, पण आमची खड्ड्याकाठची रांग अजून मोडली नव्हती. हात दमले होते, बसायचंसुद्धा सुचत नव्हतं. तेवढ्यात मेव्हणा वाकला. खालून आलेलं भरलेलं घमेलं त्याने घेतलं, नानांना दिलं, नानांनी वकिलांना, वकिलांनी मला. मी मागे वळलो, तर पुढे द्यायला कोणी नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

घमेल्यातली माती तांबडी नव्हती. काळी होती, ओली आणि बर्फासारखी गार.

"दाजी..." मेव्हणा खड्ड्याकडे बघत होता. "हे मला कोणी दिलं?"

नानांच्या हातातली बॅटरी खाली वळली. तळघर रिकामं होतं. आणि उजेडाच्या कडेला, अंधारातून, दुसरं घमेलं वर येत होतं.

कोणी पळालं नाही. ती बाई खड्ड्याच्या काठाशी गेली आणि एवढंच म्हणाली, "घ्या. ही रांग त्यांचीही आहे. देतायत तोवर घ्या." पांगलेली माणसं परत येऊन माझ्यामागे उभी राहिली. आम्ही घेत राहिलो. मग केव्हा तरी घमेली यायची थांबली.

परतताना घर जवळ आल्यावर मेव्हण्याने तळहात उघडून दिव्याशी धरले आणि पुन्हा मिटले.

"एक सांगू?" तो म्हणाला. "ती घमेली जड नव्हती. मी उचलून नानांच्या हातात देईपर्यंत... पलीकडून कोणी सोडतच नव्हतं."