कोपरापर्यंत हात

“प्रश्न दहावा!” रुचिराने वही नाचवत जाहीर केलं. “शिपायाच्या अंगचा तुम्हाला आवडलेला गुण सोदाहरण लिहा!”

“सोदाहरण म्हणजे अर्धं पान जास्त,” निदा रुचिराच्या पडवीतल्या भिंतीला टेकून पुटपुटली. “माझ्यानं नाय होत गो. तूच लिही.”

गणपतीची सुट्टी संपत आली होती. सावित्री टीचरांनी सुट्टीपुरती एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी अभ्यासाला दिली होती, जलदुर्गावरच्या धारराव नावाच्या शिपायाची. निदाला तिचा अगदी वीट आला होता. खरं तर तिला सगळ्याचाच वीट आला होता. तिचे अब्बा, मन्सूर, रुचिराच्या बाबांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे प्रमुख, होते. मागच्या हिवाळ्यात होडी उलटली, तेव्हा डिझेलचा रिकामा कॅन छातीशी धरून ते चार तास पाण्यात तरंगत होते. तेव्हापासून अब्बा समुद्रावर गेले की निदाचा डोळ्याला डोळा लागत नसे. उद्या हर्णेच्या होड्या पुन्हा निघणार होत्या. म्हणजे उद्यापासून पुन्हा तेच!

“ऐका, उदाहरण मिळालं!” रुचिराचा धाकटा भाऊ सोहम पुस्तकातून डोकं वर काढत ओरडला. “धारराव बारुदाच्या पिंपात मनगटापर्यंत हात घालतो, तर बारूद. कोपरापर्यंत घालतो, तर नुसती राख! कोठीवाल्यानं चांगला माल परस्पर विकलेला असतो. लुच्चा!”

“आणि इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं?” निदाने विचारलं.

“कशाला बघतील? पिंपावर मोहोर होती ना!”

निदाची नजर पडवीच्या कोपऱ्यात गेली. तिथे दहा नवीकोरी नारिंगी लाइफ जॅकेटं रचून ठेवली होती. मच्छीमारांच्या संस्थेने यंदा प्रत्येक होडीला दिलेली. रुचिराच्या आजीने, सोनूबाईंनी, होडीच्या पूजेत त्यांनाही हळदकुंकू वाहिलं होतं, तेही वरच्या प्लास्टिकसकट. नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही, असा त्या घराचा नियमच होता. टीव्हीच्या रिमोटचं चार वर्षांत निघालं नव्हतं, तिथे जॅकेटांचं कुठून निघणार? तपासायला आलेल्या साहेबांनीही प्लास्टिकवरूनच शिक्का वाचला, चहा घेतला आणि गेले.

“रुचिरा, ही जॅकेटं कुणी पाण्यात घालून बघितलीत?”

“वेडी की काय? कोरी हायत ती!”

“म्हणूनच विचारते.”

“आजी मारील!”

“आजी देवळात गेल्येय,” सोहम म्हणाला आणि कात्री घेऊन आला!

मागच्या दारी पाण्याचा मोठा हौद होता. प्लास्टिक कापून निदाने एक जॅकेट त्यात टाकलं, वर धुण्याचा एक दगड बांधला. जॅकेट दगडासकट झोकात तरंगू लागलं.

“पास!” सोहमने टाळ्या पिटल्या. “चला, आता मोदक.”

निदाला हायसं वाटायला हवं होतं. पण ती हौदाच्या कठड्यावरच बसली. “हे मनगट झालं,” ती म्हणाली. “कोपर राहिलंय.”

रुचिरा तिच्यासाठी वाटीत दोन मोदक घेऊन आली. उद्याच्या धास्तीनं रात्रभर जागलेल्या निदाला बसल्या बसल्या पेंग आली. डोळे उघडले तेव्हा हौदात नारिंगी काही दिसेना. ती ताडकन उठली. जॅकेट दगडासकट तळाशी बसलं होतं!

तिघांनी मिळून ते ओढून काढलं. भिजलेल्या गोधडीइतकं जड झालं होतं. सोहमने शिवण कापली. वर बोटभर फोम आणि आत नुसत्या चिंध्या, कुजकट वासाच्या!

निदाने चिंध्या एका पिशवीत भरून ती सोहमच्या हातात दिली. अब्बांनी हे घातलं असतं आणि हातातला कॅन सोडून दिला असता तर?

तिघं धावत संस्थेच्या गोदामात गेली. तिथले कारभारी दादूशेठ पान जुळवत होते. “एखादं निघतं गो खराब,” त्यांनी मानही वर केली नाही. “बदलून देतो. शिक्का हाय ना वर? जा, मोदक खा.”

“ते ऐकणार नाहीत,” बाहेर आल्यावर रुचिरा रडकुंडीला आली. “नि बाबा म्हणतील, उद्या बघू.”

“उद्या नाही चालणार,” निदा म्हणाली. ती इतकी दमली होती की तिला घाबरायचंही त्राण उरलं नव्हतं. “आज सगळे बंदरावर आहेत. चल.”

बंदरावर होड्यांत बर्फ भरणं चाललं होतं. दादूशेठही मिरवायला आलेच. निदा सरळ त्यांच्यापुढे गेली.

“दादूकाका, शाळेच्या प्रकल्पाला फोटो हवाय. जॅकेट घालून छातीभर पाण्यात उभे राहाल?”

“हो हो, काढ की!” शेठ खुशीत हसले.

“तासभर राहावं लागेल. पंधरा मिनिटांनी पाय उचलून नुसतं तरंगायचं. कुठल्याही होडीवरचं घ्या. तुमच्या हातानं निवडा.”

शेठचं हसू मावळलं. “तासभर? मला... दापोलीला जायचंय.”

“मग अर्धा तास तरंगा!” सोहम ओरडला. “नाहीतर हे बघा!” आणि त्याने पिशवीतल्या ओल्या चिंध्या वाळूवर ओतल्या.

बर्फ भरणारे हात थांबले. रुचिराच्या बाबांनी, आत्मारामांनी, शेजारच्या होडीवरचं जॅकेट उचललं आणि सुरीने टरकन फाडलं. चिंध्याच! मग दुसरं. मग तिसरं.

“दादू, घाल हे,” आत्माराम शांतपणे म्हणाले. “जा पाण्यात.”

दादूशेठ मागे सरकले, नांगराच्या दोराला अडखळले आणि वाळूतच बसले. चांगली जॅकेटं बाहेर विकल्याचं त्यांनी तिथेच कबूल केलं. दोघा तांडेलांनी त्यांना पोलीस चौकीत नेलं. खरी जॅकेटं येईपर्यंत एकही होडी निघणार नाही, असं त्याच वाळूत ठरलं.

“पोरांनो, आम्ही म्हातारे झालो, पण शिवण उघडून बघायचं नाय सुचलं,” आत्मारामांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. देवळातून परतल्यावर हे कळताच सोनूबाईंनी उरलेल्या नऊ जॅकेटांचं आणि रिमोटचंही प्लास्टिक आपल्या हाताने फाडलं!

संध्याकाळी निदा ओटीवर पुस्तक घेऊन बसली. दहावा प्रश्न कोराच होता. अब्बा शेजारी येऊन बसले.

“तुला झोप लागत नाय, असं रुचिरा सांगत होती. मला बोलली का नाहीस गो?”

“तुम्ही गेलाच असतात.”

अब्बांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. “आज मी घरीच हाय. मी वाचतो, तू ऐक.”

ते अडखळत, बोट फिरवत वाचू लागले. पान उलटताना त्यांनी विचारलं, “मग त्या शिपायाला बक्षीस मिळालं का?”

निदा त्यांच्या खांद्याला टेकून गाढ झोपली होती.