तिरळ्या मावळ्याची गोष्ट

"अहो, तो माझा आहे!"

दिवाळी तोंडावर आलेली, ओतूरच्या बाजारात ही गर्दी. कुंभारमावशींच्या पाटीतल्या मावळ्यावर मी हात ठेवला... आणि त्याच क्षणी दुसराही एक हात पडला. नखांत ग्रीस. वर बघितलं तर उंच, सावळा, गालातल्या गालात हसणारा!

"नाव लिवलंय का तुमचं?" तो म्हणाला.

"डोळा बघा त्याचा. तिरळा आहे. एक मिशी वर, एक खाली. असले मावळे मीच घेते."

"मी बी त्येच्यासाठीच घेतोय. घरी नेऊन नीट करीन."

"नीट? खबरदार!"

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मातीचे मावळे जमवते. पण रंगवताना ज्याच्यावर हात जरासा हलला असेल, तेच. साच्यातून सगळे सारखेच निघतात हो, चुकल्यावरच त्यांना स्वभाव येतो! हा चिमाजी मूळचा डोंगराकडच्या गावचा, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांच्या देखभालीवर कामाला. त्याचे मावळे एका उंचीचे, एका रंगाच्या पगडीचे, आणि चेहरे आधार कार्डावरच्या फोटोसारखे.

"चिमाजी? आजोबांचं नाव वाटतं?"

"व्हय. त्यांचं वापरून झालं, मग मला मिळालं."

मी फिस्सकन हसले. तिथेच घोटाळा झाला बघा. मावळा त्याने मला सोडला, पण चहा पाजण्याच्या अटीवर. मग चहा वाढत गेले, फोन वाढत गेले, 'अहो'चं 'अरे' कधी झालं कळलंही नाही. दिवाळीत आम्ही एकेका मावळ्याची अदलाबदल केली. त्याचा सरदार माझ्या किल्ल्यावर, माझा तिरळा त्याच्या. तुळशीचं लग्न लागलं की किल्ले मोडायचे आणि आपापले मावळे परत घ्यायचे, असं ठरलं. त्यानंतरच्या रविवारी त्याच्या घरचे मला मागणी घालायला येणार होते. आईने पडदेसुद्धा धुऊन टाकले होते.

किल्ले मोडले आणि एसटी स्टँडवर आम्ही मावळ्यांचे डबे बदलले. मी माझा उघडला.

माझा तिरळा सरळ बघत होता! मिश्या दोरी लावून आखल्यासारख्या.

"कसा वाटला?" चिमाजीचे डोळे नुसते चमकत होते.

माझं डोकंच फिरलं. "मला विचारलंस? आज ह्याचा डोळा, उद्या माझा पुढे आलेला दात सरळ करायला निघशील! रविवारी कुणाला आणू नकोस."

त्याचा चेहरा पडला. "लई मन लावून केलं व्हतं, इंद्रायणी. तुला आवडंल वाटलं..."

तो बाकावर बसला आणि गुपचूप स्वतःचा डबा उघडायला लागला. आणि मला आठवलं, त्याच्या त्या गुळगुळीत सरदाराला मी... एक भुवई वर चढवली होती. मिशी वाकडी केली होती. विडा खाल्ल्यासारखे ओठही रंगवले होते. बिचाऱ्याला जरा स्वभाव यावा म्हणून! आणि तेही न विचारता.

चिमाजीने सरदार डब्यातून बाहेर काढला.

"ह्याला काय झालं?"

"...सुधारला," मी कशीबशी म्हणाले.

तो असा हसला, असा हसला, की पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मला हाच माणूस हवा होता. रागाच्या भरात मी त्यालाच नको म्हणून बसले होते.

"मावळ्यांचं काय ते बघू," तो हळूच म्हणाला, "पण दाताला हात लावायचा नाय. मी त्येच्यावरच भाळलोय."

कान तापले माझे. एसटी लागली, तो उठला, आणि तरी तिथेच उभा राहिला.

"चिमाजी..."

"हां?"

"रविवारी किती जण येणार ते सांग. पोहे तेवढे भिजवायला हवेत."