मैदान चुकलेली फिजिओ

स्वरदाला जायचं होतं क्रिकेटच्या मैदानावर. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींना सरावासाठी कॉलेजचा एकेक संघ वाटून दिला होता. डिसेंबरच्या धुक्यात ती अलीकडच्याच फाटकातून आत शिरली आणि बॅग खाली ठेवते न ठेवते तोच एका मुलाने सुजलेला घोटा तिच्यापुढे केला. त्याच्या अंगाला झेंडूचा वास येत होता. तिने लगेच पट्टी बांधली.

"क्रिकेटवाले पलीकडे असतात," मग तो शांतपणे म्हणाला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर... तू गेली असतीस."

तो ज्ञानेश, फुटबॉल संघाचा बचावपटू. घरची मखमलाबादला फुलशेती. पहाटे बाजारात फुलं पोचवून थेट सरावाला यायचा. त्यांच्या संघाला फिजिओ नव्हताच. स्वरदाने मॅडमना सांगून संघ बदलून घेतला. 'यांना गरज जास्त आहे,' असं कारण दिलं. ते खरंच होतं — निम्मं तरी.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतले पहिले दोन साखळी सामने संघ हरला. मग सूर सापडला आणि ओळीने तीन जिंकले. चेंडू बाहेर गेला की ज्ञानेश रेषेपाशी उभ्या असलेल्या स्वरदाकडे बघायचा. तिने भुवया उंचावल्या की हसत पळायचा.

उपांत्य सामन्याच्या सकाळी त्याने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. तिने नीट तपासलं, काही सापडलं नाही. 'खेळ,' म्हणाली.

विसाव्या मिनिटाला तो वळता वळता एकटाच कोसळला.

ती धावत गेली. गुडघ्यावर सूज चढायला लागली होती. "लय नाय दुखत," तो दात आवळून म्हणाला, पण तिचा हात काही सोडेना. सामना संघाने जिंकला, तिला ते कळलंही नाही. लिगामेंट तुटलं असेल तर वर्षभर खेळ बंद. आणि 'खेळ' म्हणून तिनेच सांगितलं होतं...

दोन दिवसांनी एमआरआयचा रिपोर्ट आला. लिगामेंट शाबूत होतं. गुडघा मुरगळला होता, तीन आठवडे खेळायचं नाही. सकाळच्या दुखण्याचा याच्याशी संबंध नाही, असंही डॉक्टर म्हणाले. स्वरदा बाहेर बाकावर येऊन बसली आणि रडू लागली. मागोमाग ज्ञानेश कुबड्या टेकत आला.

"अगं, रिपोर्ट चांगला आलाय."

"म्हणूनच..."

अंतिम सामना संघ पेनल्टीवर हरला. पण कॉलेज पहिल्यांदाच इथवर पोचलं होतं. कप्तान कुंदन उपविजेतेपदाचा चषक डोक्यावर घेऊन नाचत होता. ज्ञानेश आणि स्वरदा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून ते बघत होते.

"गुडघा बरा होईपर्यंत रोज व्यायाम करून घ्यावा लागेल," ती म्हणाली. "मी येईन मखमलाबादला."

"आणि त्यानंतर?"

"नंतरही येईन. पण मग फिजिओ म्हणून नाही." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "चालेल?"

एरवी पटकन उत्तर देणारा मुलगा — कानापर्यंत लाल झाला होता.

"घरी काय सांगू, कोण येतंय म्हणून?"

"खरं असेल ते सांग."

"मला आवडणारी मुलगी येतेय."

स्वरदाने आता कुठे त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "तसंच सांग."