डाव्या पाकळीवरची माशी

देवाच्या राईत एक माणूस पालथा पडलेला. मैनाला वाटलं, मेला की काय... तिनं फुलांच्या परडीनं जरा ढोसलं.

"हलू नको गो," तो कुजबुजला, "माशी उडेल."

हा आत्माराम, खेडचा फोटोवाला. मुंबईच्या कुणा साहेबाला रानातल्या बारक्या माश्या ओळखून हव्या होत्या. पण राईतून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाय, तिथं माशी कोण नेऊ देतो? म्हणून फोटो. आता फोटो काळेपांढरे, आणि साहेबाच्या पुस्तकातली चित्रं रंगीत. मग रंग सांगायला मैना बसू लागली. गुरवाची पोर, राईतच वाढलेली. एक भिंग, दोन डोकी... पुस्तकातल्या चित्राशी पहिली जुळली ती पंखाच्या टोकाला काळा ठिपका असलेली, राईबाहेर कुठं न दिसणारी. पोट पिवळं की तांबडं यावरून दोघं अशी भांडायची, की माशी राहायची बाजूला.

शेवटी आत्मारामानं मागणी घातली. तिचा बाप रावजी गुरव म्हणाला, देवाला विचारू. मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर विषय संपला. आत्मारामानं हौसेनं फोटो घेतला, आणि लगेच डावी पडली.

रात्रभर तळमळला बिचारा. फोटो धुतला, तर डाव्या पाकळीवर माशी! तसाच धावत रावजीकडे, पाकळी देवानं नाय, माशीनं पाडली म्हणून. रावजीनं पुष्कळ विचार केला. माशी राईतली असेल तर देवानंच बसवली, बाहेरची असेल तर कौल पुन्हा लावतो, म्हणाला. मैना सांगेल ते खरं.

मैनानं फोटोवर भिंग धरलं.

"घरातली माशी म्हण," आत्माराम हळूच म्हणाला. "फोटोत सगळ्या काळ्याच."

पंखाच्या टोकाला ठिपका होता...

"राईतली हाय, बाबा," ती म्हणाली, आणि भिंग खाली ठेवलं.

राईच्या कडेला आत्माराम कॅमेरा खांद्याला अडकवून उभा होता.

"एवढं खोटं बोलली असतीस तर?"

"तर जन्मभर तुमच्या शेजारी बसून माशीला भ्यायले असते."

तो गेला. मैनाला पुढं किनाऱ्यावरच्या नाटे गावी दिली. मासळीचं गाव, माश्यांना काय तोटा? पण ताटावरची माशी कुणी हाकलायला गेलं, की ती हात धरायची.

"थांबा. कुठली हाय, बघू दे."