मोटेलचा थांबा मधे कसा आला

क्रँडलसाहेबाला कुणाचं भांडं परत करायची रीत आईनं शिकवलेली दिसत नव्हती. गुरुवारी पाहुण्यांसाठी म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातून सँडविचचा ट्रे नेला आणि शुक्रवारी पाठवला तो तसाच खरकटा. वरून एक निळ्या काठाचा टॉवेल गुंडाळलेला, गाळण्यासारखा विरळ. आणि हा म्हणे बेघर पोरांना धीर देणारा समुपदेशक!

"याच्यापेक्षा चोर बरा," शाळेची स्वयंपाकीण व्हर्डेल टिब्स लाल बीन्स ढवळत म्हणाली. खरंच होतं ते. शुक्रवारी आणि आज सोमवारी सकाळी मक्याच्या पावाचे दोन-दोन तुकडे कमी भरले होते. पण चोरानं बशी धुऊन रॅकवर पालथी घातली होती.

दहाच्या सुमाराला मागचं दार वाजलं. रनीटा उभी होती, हायवेवरच्या मोटेलात राहणारी. वसंतात घर जळाल्यापासून तिघा लेकरांना घेऊन एकाच खोलीत. चेहरा असा की चार दिवस पाठ टेकली नसावी.

"मिस व्हर्डेल, माझी जोनेल गुरुवारपासून घरी नाही."

"गुरुवारपासून? आणि आज सांगतेस?"

"पोलीस म्हणाले, पंधरा वर्षांची आहे, पळाली असेल, येईल. क्रँडलसाहेब म्हणतात, बारापर्यंत नाही आली तर बालकल्याणवाल्यांना कळवणार. आईनं लक्ष दिलं नाही म्हणून. मग धाकटी दोघंही नेतील हो! एका खोलीत राहणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?" तिनं हातातल्या टॉवेलनं तोंड पुसलं.

व्हर्डेलची नजर त्या टॉवेलवर गेली. काठ निळा होता.

"भांडलीस तिच्याशी?"

"नाही."

"गुरुवारी खोलीवर कोण आलं होतं?"

रनीटानं मान खाली घातली. "कुणी नाही."

"बस इथे. खा काहीतरी. उपाशी रडलेलं अंगी लागत नाही."

बसवाला होझिया रोजच्यासारखा कॉफीला आला, तशी व्हर्डेलनं त्याला चुलीपाशीच गाठलं. मोटेलची पोरं सकाळी सगळ्यांत आधी चढायची आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी उतरायची, हा शाळेचा जुना शिरस्ता. कुठल्या पाटीखाली उतरतात ते बाकीच्या पोरांना दिसू नये, एवढ्यासाठी.

"जोनेल गुरुवारी कुठे उतरली?"

"तीच तर गंमत, मॅडम. त्या दिवशी थांब्यांचा नवा कागद हातात आला. मोटेलचा थांबा शेवटचा सोडून एकदम दुसऱ्या नंबरवर! गाडीत चाळीस पोरं, सगळी काचेला नाक लावून. धाकटी दोघं उतरली. जोनेल जागची हलेना. म्हटलं, 'तुझा थांबा आला.' माझ्याकडे असं बघितलं जसं काही ओळखतच नाही. 'माझा नाही हा,' म्हणाली. पुढच्या वळणावर बंगल्यांपाशी उतरली."

"मोटेलाशी काय होतं?"

"दोन मोठ्या गाड्या आडव्या. बस आत घालायला जागा नव्हती."

"आणि शुक्रवारी?"

"परत जुना कागद."

"एका दिवसापुरता थांबा हलला, आणि तू विचारलं नाहीस?"

"मी हुकमाचा ताबेदार, मॅडम."

"बैलसुद्धा हुकमाचाच असतो. पण तो निदान मान हलवतो."

कागद ऑफिसातल्या फोंटेनोबाईनं दिला होता. मोटेलात राहणाऱ्यांवर तिचा राग जगजाहीर. व्हर्डेल तडक तिच्या खिडकीशी गेली.

"माझ्या हातून गेला म्हणून मी लिहिला का?" फोंटेनोबाई तडकली. "प्रिंटरवर पडला होता. आणि कोण मोटेलात राहतं ते मला कुठलं कळायला? बेघर पोरांच्या पत्त्यांची फाईल कुलपात. किल्ली क्रँडलसाहेबांच्या गळ्यात."

साडेअकरा झाले होते. आणखी अर्ध्या तासानं त्या बाईची तिन्ही लेकरं हातची जाणार होती.

व्हर्डेल रॅकपाशी येऊन उभी राहिली. पालथी बशी तिनं उचलून पाहिली. पोटासाठी चोरायचं, पण दुसऱ्याला घासायला लावायचं नाही. हे वळण कुठल्या पोरीचं, ते ती ओळखत होती. व्हर्डेल पहाटे पाचला चूल पेटवायची; तिच्याही आधी आत शिरायचं, तर रात्र शाळेतच काढायला हवी.

स्टेजमागे वाजंत्री पथकाचे गणवेश टांगायची खोली होती. तिच्या बाहेरच्या दाराची कडी कधी धड लागत नसे. कोटांच्या रांगेमागे चार सदरे अंथरून जोनेल गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"तू मोटेलपर्यंत परत गेली होतीस ना?" व्हर्डेल हळूच म्हणाली.

पोरीनं कोटाच्या बाहीला नाक पुसलं. मग म्हणाली, "झाडाआडून बघितलं. ते फोटो काढत होते. आई बॅग धरून हसत होती. मला त्या बसमध्ये नाही बसायचं, मिस व्हर्डेल. मला कुठेच नाही जायचं."

"माझ्याबरोबर दोन पावलं चल. पुढचं मी बघते."

बाराला दहा कमी असताना व्हर्डेल क्रँडलच्या खोलीत शिरली, मागे रनीटा आणि होझिया. दार तिनं किंचित उघडं ठेवलं. टेबलावर बालकल्याणवाल्यांचा अर्धा भरलेला अर्ज होता.

"साहेब, गुरुवारचे पाहुणे कुठे जेवले?"

"इथेच. का?"

"मोटेलात गेला नव्हता?"

"तिथे मी पाऊलही टाकलेलं नाही."

व्हर्डेलनं दोन टॉवेल शेजारी शेजारी टाकले. "हा माझ्या ट्रेवरचा. हा रनीटाच्या हातातला. मोटेलचा टॉवेल तुमच्या खोलीत चालत आला?"

"माश्या बसत होत्या, म्हणून ट्रे मीच झाकला," रनीटा एकदम रडायला लागली. "चर्चची दान देणारी माणसं आणली होती यांनी, चारला परत निघणारी. सामानाच्या बॅगा दिल्या. शाळेत बोललीस तर बॅगा बंद, म्हणाले. मी हसले, मिस व्हर्डेल. फोटोसाठी मी हसले!"

क्रँडलचा चेहरा पांढरा पडला.

"तुमच्या दात्यांना चारला निघायचं होतं," व्हर्डेल म्हणाली. "आणि मोटेलची पोरं उतरतात पाचला. बसमधून उतरणारं बेघर लेकरू दाखवल्याशिवाय दान शोभेना. किल्ली तुमच्याकडे, पत्ते तुमच्याकडे, म्हणून थांबा तुम्हीच पुढे ओढलात. चाळीस पोरांसमोर. पोरगी गायब झाली तशी दुसऱ्या दिवशी कागद गुपचूप बदललात. आणि आता पाप आईच्या नावावर लिहायला बसलात."

"माझा हेतू चांगला होता. ते पैसे याच मुलांसाठी—"

"मला विचारलंत?" दारातून आवाज आला.

रनीटा किंचाळून धावली. जोनेलच्या केसांत कोटांची धूळ होती. आईनं तिला एवढं घट्ट धरलं की पोरीला श्वास घेता येईना.

क्रँडलनं अर्ज हळूच खणात सरकवायला घेतला. व्हर्डेलनं त्यावर हात ठेवला.

"फाडू नका. कारणाच्या जागी आईचं नाव आहे ते खोडा, तुमचं लिहा. मुख्याध्यापकांकडे मीच नेते."

"मिस व्हर्डेल, मी दहा वर्षं या मुलांसाठी—"

"दहा वर्षं तुम्ही यांची गरिबी बघितलीत, साहेब. लाज एकदाही बघितली नाहीत. ज्याला लेकराची लाज झाकता येत नाही, त्याच्याकडे लेकराचा पत्ता नसावा. किल्ली काढा गळ्यातली, आणि उठा त्या खुर्चीवरून."