साखरबाईची गोधडी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, माझ्या नाकाने हुंगलंय.

सहासष्ट सालचा मे महिना. बोईसरचा मालधक्का. आणि रात्र नव्हती हो...

भर दुपार होती.

तेव्हा तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. आमचे हे, नागोराव, परभणीहून ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आले, आणि मागोमाग मी आले. साहेबलोकांच्या नव्याकोऱ्या मोटारी रेल्वेच्या वाघिणीतून बोईसरला उतरायच्या. पुढचा रस्ता नुसती खडी. नवी मोटार चालवत नेली तर पत्र्याची चाळण व्हायची. म्हणून मोटारी ट्रकात चढवून बंगल्यापर्यंत न्यायच्या.

काम नाजूक. धक्क्यावरून फळ्या टाकून मोटार ट्रकात ढकलायची. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यायचे. मग दोर आवळायचे. दोर जिथे रंगाला घासेल तिथे मध्ये जाड कापड घालायचं. आणि थोडं अंतर गेलं की थांबून दोर पुन्हा आवळायचे, कारण हिसक्यांनी ते ढिले पडतातच.

ह्यांच्या हातून एका मोटारीला ओरखडा गेला होता. ठेकेदाराने बजावलं होतं, आणखी एक ओरखडा दिसला की परभणीची गाडी धर.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन धक्क्यावर गेले. काळी मोटार ट्रकात चढली होती. हे दोर आवळत होते.

आणि मला वास आला...

कडुनिंबाचा पाला, घाम आणि सडका पू. हे तिन्ही एकत्र मी एकाच ठिकाणी हुंगलं होतं. साखरबाईच्या खोलीत.

साखरबाई आमची शेजारीण. फाल्गुनात तिला देवी आल्या. मला लहानपणीच येऊन गेलेल्या, म्हणून तिचं सगळं मीच केलं. अंगभर फोड. फुटायचे आणि गोधडीला चिकटायचे. गोधडी ओढली की कातडी सोलून यायची. शी!

एवढ्या उकाड्यात ती कुडकुडायची. म्हणायची, "गोजे, थंडी वाजते गं... पायाखाली खोच."

माझं नाव गोजराबाई. गोजे म्हणणारी ती एकटीच.

मीच शिवून दिलेली गोधडी मी तिच्या पायाखाली खोचून द्यायचे. ती गेली, तेव्हा रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण खाडीकाठच्या मसणात टाकून दिलं. मेलेल्याच्या अंथरुणाला पुन्हा कुणी हात लावत नाही.

आणि तीच गोधडी आता दोराखाली होती...

माझ्याच जुन्या लुगड्याचा हिरवा काठ. माझाच टाका. पिवळे डाग वाळून कडक झालेले. त्यात अडकलेले दोन लांब केस.

"अहो, सोडा ते! ही साखरबाईची आहे!"

मुकादम पुंडलिक तंबाखू मळत हसला. "वहिनी, मसणात कुजण्यापेक्षा कामाला आली. ती काय आता मागायला येते?"

"मेल्या, किळस नाही वाटली तुला उचलताना?"

"मोटारीला कसली आलीय किळस?"

फळ्या उचलणारा नवशा लांबच उभा होता. "आमी नाय हात लावला, बाय," तो म्हणाला. "त्यानीच आनली."

मी ह्यांचा हात धरला. हे हळूच म्हणाले, "दुसरं जाड कापड नाही इथं. ओरखडा गेला तर उद्या खायचं काय आपण?"

मी तडक ट्रकात चढले आणि ह्यांच्या शेजारी बसले. नवऱ्याला त्या घाणीबरोबर एकटं सोडणार नव्हते.

ऊन मी म्हणत होतं. दाराच्या पत्र्याला हात लागला तरी चटका बसायचा.

पुढे ताडांपाशी ह्यांनी ट्रक थांबवला. दोर आवळायला मागे गेले.

हे लवकर परत येईनात...

"अहो?"



मी उतरून मागे गेले. हे ट्रकात नुसते उभे होते.

दोर ढिले झालेच नव्हते. धक्क्यावर आवळले होते त्याहून घट्ट बसले होते.

पण दोराखाली गोधडी नव्हती.

"पडली असेल वाटेत. बरं झालं," मी म्हणाले.

ह्यांनी फक्त बोट दाखवलं.

मोटारीला कुलूप. चारही काचा वर. किल्ली साहेबांच्या खिशात.

आणि आत, मागच्या सीटवर...

गोधडी पांघरलेली होती.

पाय पोटाशी घेऊन कुणीतरी निजावं, तशी. ती हलत होती. वर... खाली... वर... खाली... मधोमध एक ओला डाग पसरत चालला होता. मग काचेवर आतून एक पिवळा ओघळ उतरला.

मी तिथेच भडाभडा ओकले.

"परत फिरवा," मी म्हणाले.

"आणि मोटार कुठं टाकू?" ह्यांनी मला पुढे बसवलं आणि ट्रक हाणला.

बंगल्यावर साहेब वाटच पाहत होते. मोटार उतरवली. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. "वा, नागोराव! एक ओरखडा नाही."

मग त्यांनी दार उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले, तर कोरी सीट. गोधडी नाही, डाग नाही. वास मात्र भपकन बाहेर आला. साहेबांना तो आलाच नाही! ते मजेत आत बसले आणि दंड चोळत म्हणाले, "अरे, आत केवढी थंडी आहे!"

ह्यांची नोकरी टिकली.

त्यानंतर ह्यांच्या एकाही मोटारीला ओरखडा गेला नाही. दोर कधी ढिले पडले नाहीत. लोक म्हणायचे, नागोरावांच्या हाताला यश आहे. मला त्या कौतुकाची शिसारी यायची.

गोधडी पुन्हा सापडली नाही. मीही नंतर एकही गोधडी शिवली नाही. घरात सगळ्या विकतच्या चादरी.

पण मे महिना लागला, हे दुपारी आडवे झाले, की कुडकुडायला लागतात. ताप नाही, अंगावर फोड नाही. डॉक्टरला काही सापडत नाही.

डोळे मिटलेलेच असतात, आणि म्हणतात...

"गोजे, थंडी वाजते गं... पायाखाली खोच."

ह्यांनी मला जन्मात कधी गोजे म्हटलं नव्हतं.

मी चादर घालते. खोचायला पायांखाली हात सारते...

तिथे आधीच काहीतरी खोचलेलं असतं.

जाड. ओलसर. बोटांना टाका लागतो, माझाच.

चादर झटकून पाहिलं तर काही नसतं. पण बोटांना वास राहतो, आणि कितीही साबण लावला तरी जात नाही.